बोंडअळी नंबर दहा

न्यू जर्सीहून भाच्यानं जर्सी पाठवली, या साध्या वाक्यानं आमच्या घरात तीन दिवस गोंधळ घातला. आईला वाटलं, गाय पाठवली. तिचं माहेर उमरखेडकडचं, तिकडे जर्सी म्हटलं की गाय. आणि भाचा सहा वर्षं अमेरिकेत नेमकं काय करतो हे तिला कुणी नीट समजावलेलंच नव्हतं. ‘एवढ्या लांबून गाय कशी येईन रे? रस्त्यानं तिचं चारापाणी कोण करीन?’ मी म्हणालो, ‘आई, कापडाची आहे.’ त्यावर तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी दहावीच्या निकालाच्या दिवशी शेवटची पाहिली होती.

पार्सल उघडलं. आत डोळे दिपवणारा गुलाबी टीशर्ट. पाठीवर मेस्सीचं नाव आणि खाली १०. लिओनेल मेस्सी २०२३च्या जुलैत अमेरिकेतल्या इंटर मायामी या क्लबात गेला आणि त्या क्लबाचा रंगच गुलाबी. भाच्यानं ‘मीडियम’ धाडला होता. अमेरिकेतल्या मीडियममध्ये आमच्याकडचं एक नवविवाहित जोडपं सुखानं संसार करू शकतं. तरी माझं पोट त्यात बरोबर मावलं, हे इथेच कबूल करून टाकतो.

‘अवो, हा रंग तर मी साडीतही घेत नाही,’ बायको म्हणाली.

‘हा मेस्सीचा रंग आहे.’

‘मग त्यालेच शोभू द्या.’

नवरा एकदा टीशर्टात शिरला की त्याचं वय वीस होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. मी त्याच संध्याकाळी तो अंगात घालून पानठेल्यावर गेलो. मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि रोज सात ते नऊ आर्णी रोडवरच्या एका पानठेल्यावरून जागतिक फुटबॉल चालवतो. ठेला अजून पन्नास पावलांवर होता, तेवढ्यात आवाज आला,

‘आली रे बाप्पा! गुलाबी बोंडअळी आली!’

यवतमाळच्या बाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करावा लागेल. आमच्या जिल्ह्याला ‘अमेरिकन’ या विशेषणाची ओळख बोंडअळीनं करून दिली. हिरव्या बोंडअळीला कृषीच्या पुस्तकातसुद्धा अमेरिकन बोंडअळी म्हणतात. तिला मारायला बीटी बियाणं आलं, ते तंत्रज्ञानही अमेरिकेचंच. मग त्या बियाण्याला भीक न घालणारी गुलाबी बोंडअळी आली आणि २०१७च्या हंगामात तिनं विदर्भाचा कापूस बोंडात बसून खाल्ला. तेव्हापासून गुलाबी रंगाकडे आमच्याकडे कुणी प्रेमानं पाहत नाही. आणि आता मी: अमेरिकेहून आलेला, गुलाबी, मऊ, मधे फुगलेला. उपमा चुकली असं मराठीचा शिक्षक म्हणूनही मला म्हणता येईना.

आता आमच्या ठेल्यावरची तज्ज्ञ मंडळी. एक निवृत्त तलाठी आहेत, त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो. १९८६ साली त्यांनी शेजारच्याच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर मॅराडोना पाहिला. त्यानंतर फुटबॉलमध्ये जे काही झालं ती निव्वळ घसरण आहे, असं त्यांचं मत. दुसरे एक काका, जिनिंगवर वजनकाट्याला असतात. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर सांगतो, कारण त्यांच्यामुळे माझं गणित सुधारलं. तिसरा एक पोट्टा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. चौथा ठेलेवाला, जो खर्रा घोटता घोटता फक्त ‘हाव ना’ म्हणतो. कुणाच्याही बाजूनं ‘हाव ना’ म्हणतो, त्यामुळे उधारी वसूल होते.

हा पोट्टा चेल्सीचा आहे. म्हणजे इंग्लंडमधल्या चेल्सी क्लबाचा समर्थक वगैरे नाही, सरळ चेल्सीचाच. ‘शनिवारी आम्ही हारलो सर. आमचा डिफेन्सच नाही.’ वर्धा नदी त्यानं आयुष्यात एकदाच ओलांडली, तीही परीक्षेचं केंद्र नागपूरला आलं म्हणून. पूर्वपरीक्षेत तो थोडक्यात राहिला, तेव्हा मात्र ‘मी राहिलो’ असं तो म्हणाला नाही. ‘पेपर कठीण काढला होता’ म्हणाला. आणि १३ जुलै २०२५ला चेल्सीनं अमेरिकेत क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पॅरिस सेंट-जर्मेनला ३-० हरवलं, त्या दिवशी हा ठेल्यावर येऊन म्हणतो कसा, ‘सर, आम्ही जगज्जेते झालो.’ काका म्हणाले, ‘मंग पेढे कुठी हायेत?’ पेढ्यांचं नाव निघताच चेल्सी पुन्हा लंडनला गेली.

त्या बक्षीस समारंभाची चित्रफीत त्यानं आम्हाला मोबाइलवर दाखवली. चेल्सीची पोरं ट्रॉफी उचलून उड्या मारताहेत आणि त्यांच्या मधोमध अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प उभे. ट्रॉफी देऊन झाली, आता बाजूला व्हायचं, तर ते हलतच नाहीत. पोट्टा संतापला. मीही संतापलो, कारण गुलाबी टीशर्ट नसतानाही मी जागतिक दर्जाचा संतापी आहे. भाऊसाहेब मात्र शांत.

‘यात नवल काय हाय? आपल्या इकडं कबड्डीच्या सामन्याचा फोटो पाह्य. ढाल कोणाच्या हातात असते? उद्घाटकाच्या. जिंकलेले पोट्टे मागं, एखाद्याचं नुसतं कपाळ दिसते. अमेरिका आता कुठी आपल्या बरोबरीला येऊन राह्यली.’

पुढे ५ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये यंदाच्या विश्वचषकाची सोडत निघाली. त्याच कार्यक्रमात फिफानं ‘शांतता पुरस्कार’ नावाचा एक नवाच पुरस्कार काढला आणि पहिलावहिला ट्रम्प यांनाच दिला. मी ठेल्यावर पंधरा मिनिटं बोललो. खेळ, राजकारण, नैतिकता, सगळं घेतलं. भाऊसाहेबांनी खर्ऱ्याची पुडी उलगडली. ‘सर, पाहुणा आला तर शाल-श्रीफळ द्यावंच लागते. पाहुणा मोठा असला तर नारळ मोठा घेतात.’ ठेलेवाला म्हणाला, ‘हाव ना.’ माझी पंधरा मिनिटं त्या दोन शब्दांत वाहून गेली.

एकदा मी विद्वत्ता दाखवायला म्हणून सांगितलं, की अमेरिकन लोक फुटबॉलला ‘सॉकर’ म्हणतात म्हणून इंग्रज हसतात खरे, पण तो शब्द मूळचा इंग्लंडचाच. ऑक्सफर्डच्या पोरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘असोसिएशन फुटबॉल’मधला ‘सॉक’ काढून त्याला शेपूट लावलं. काका म्हणाले, ‘म्हणजे आपण सरकीला सरकी म्हणतो, आन् उद्या कोणी कापसातून ‘पूस’ काढून पुसर म्हणीन, तसंच ना?’ हो, तसंच. त्यानंतर आठवडाभर ठेल्यावर कापसाला पुसर म्हणत होते. शब्दव्युत्पत्ती मी आता फक्त बारावीला शिकवतो.

याच काकांचा एक नियम आहे. पैशाची कुठलीही गोष्ट त्यांना कापसात सांगावी लागते. रुपयात सांगितलेलं त्यांना कळत नाही असं नाही, पण पटत नाही.

झालं असं, की टीशर्टाचे आभार मानायला मी भाच्याला फोन लावला. स्पीकरवर. ठेल्यावरून. विश्वचषकाचा अंतिम सामना १९ जुलैला त्याच्याच राज्यात, न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियमवर आहे.

‘तू जाणार ना रे?’

‘मामा, तिकिटाचे दर जाहीर झाले तेव्हा सगळ्यात स्वस्त साठ डॉलर होतं. अंतिम सामन्याचं सगळ्यात महाग ६,७३० डॉलर. आणि मागणी वाढली की दर वाढतो.’

‘कापसात सांग,’ काका मागून म्हणाले.

भाचा गोंधळला. मी हिशेब मांडला. डॉलर नव्वद रुपये धरला तर सहा लाखांच्या वर जातं. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे एक तिकीट पंचाहत्तर क्विंटलला.

ठेल्यावर शांतता पसरली. कोरडवाहू जमीन, एकरी पाच-सहा क्विंटल धरा. बारा-पंधरा एकरांचा वर्षाचा कापूस, वेचणीची मजुरी न कापता. काका हळूच म्हणाले, ‘आन् दीड घंट्यात खलास?’

‘जादा वेळ मिळाला तर दोन घंटे,’ पोट्टा म्हणाला.

‘आन् स्वस्तवालं?’

‘सदुसष्ट किलो.’

‘हे जमते,’ काका म्हणाले. ‘पण जायचं भाडं किती बोरे हाय ते सांगू नको.’

मग मेस्सीचा पगार निघाला. त्याच्या लीगमधल्या खेळाडूंची संघटनाच पगाराचे आकडे जाहीर करते. त्यात मेस्सीचे वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वर. मी मोबाइलवर गुणाकार केला, शून्यं दोनदा मोजली. सव्वादोन लाख क्विंटल. काकांनी डोळे मिटून तेवढ्या गाड्या रस्त्यावर उभ्या केल्या असाव्यात, कारण डोळे उघडून ते एवढंच म्हणाले, ‘अशानं काट्यावर माह्या नंबर दिवाळीपर्यंत नाही लागत.’ पण त्यांना खरा राग आला तो मागणी वाढली की तिकिटाचा दर वाढतो याचा. ‘आपल्या कापसाले हे काऊन लागू नाही बे? आपली मागणी वाढली की बाहेरून गाठी येतात. गेल्या वर्षी तर सरकारनं आयातीवरचं शुल्कच काढलं होतं, डिसेंबरपर्यंत. अमेरिकेचा कापूस आपल्याकडं येऊन राह्यला, तर आपले प्रेक्षक तिकडं काऊन नाही जाऊन राह्यले?’ परराष्ट्र व्यापाराच्या या प्रश्नाला भाच्याकडे उत्तर नव्हतं. त्यानं ‘मामा, मीटिंग आहे’ म्हणून फोन ठेवला. रविवार होता.

मेस्सीवरचं प्रेम मात्र आमच्याकडे जुनं. गेल्या डिसेंबरात तो भारतात आला, तेव्हा १३ तारखेला कोलकात्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. सॉल्ट लेकच्या मैदानावर पुढारी, पाहुणे, फोटोवाले यांचं असं कडं झालं की पैसे मोजून बसलेल्यांना मेस्सी दिसेना, आणि मग खुर्च्या आणि बाटल्या मैदानात उडाल्या. ‘लग्नात होते तसंच झालं ना,’ भाऊसाहेब म्हणाले. ‘नवरदेव कोणाले दिसते? नवरदेवाचे मामे दिसतात.’ दुसऱ्या दिवशी मुंबईत वानखेडेवर बरं पार पडलं. सचिन तेंडुलकरनं आपली १० नंबरची जर्सी त्याला भेट दिली आणि तेरा वर्षांखालच्या पोरापोरींसाठी राज्याची ‘महादेवा’ नावाची फुटबॉल योजनाही तिथेच गाजली. मी ते टीव्हीवर पाहिलं. बायको पोळ्या करता करता डोकावली. ‘यातला तुमचा मेस्सी कोणता?’ मी बोट दाखवलं. ‘एवढासा?’ ती म्हणाली आणि पुन्हा पोळीकडे वळली.

आता विश्वचषकाचं वेळापत्रक. हे मी लिहितोय तेव्हा मे संपत आलाय, पारा चव्वेचाळीसच्या खाली उतरायला तयार नाही, आणि यंदा अधिक ज्येष्ठ चालू आहे. फिफाकडे तर सगळंच अधिक. बत्तीसचे अठ्ठेचाळीस संघ केले, चौसष्टचे एकशेचार सामने. अमेरिका, मेक्सिको, कॅनडा मिळून यजमान. पहिला सामना ११ जूनला मेक्सिको सिटीत, म्हणजे आपल्याकडे १२ तारखेला रात्री साडेबाराला. अंतिम सामना २० जुलैला सोमवारी, तोही रात्री साडेबाराला. मधले काही साडेतीनला, काही सकाळी साडेसहाला. मी सगळं चार्टपेपरवर रंगीत पेनांनी लिहिलं आणि फ्रिजवर चिकटवलं. संध्याकाळी पाहतो तर बायकोनं त्यापुढे दोन शेजारणींना उभं करून समजावून सांगायला घेतलेलं. ‘हे पाहा, साडेतीनला येते, साडेसहाला येते.’

‘काय येते?’

‘नळ.’

तिची चूक नव्हती. आमच्या भागात रात्री-अपरात्री रंगीत पेनानं लिहून ठेवण्याच्या योग्यतेची दुसरी गोष्ट नाही. आणि नळ आणि फुटबॉल यांचं वैर माझ्या घरात जुनं आहे. १८ डिसेंबर २०२२, कतारमधला अंतिम सामना, अर्जेंटिना-फ्रान्स. रविवार, रात्री साडेआठला सुरू. मी चिवड्याचा डबा घेऊन बसलो. पहिल्या छत्तीस मिनिटांत अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे, फ्रान्स झोपलेला. एकोणऐंशीव्या मिनिटाला आतून हाक आली, ‘अवो, नळ आला!’ मी घड्याळ पाहिलं, धावफलक पाहिला, मनाशी म्हणालो, संपला सामना. आणि टिल्लू पंप लावायला उठलो.

माझी एक बादली भरायला साधारण दोन मिनिटं लागतात. फ्रान्सच्या एम्बापेनं दोन गोल सत्त्याण्णव सेकंदांत केले. मी बादली उचलून आलो तर पडद्यावर २-२. पहिल्यांदा वाटलं जुना कुठला तरी सामना दाखवताहेत. मग वाटलं टीव्ही बिघडला. मग बादली हातातून सुटली आणि चिवड्याच्या डब्यासकट हॉलमध्ये पूर आला. पुसणं चालू असतानाच जादा वेळ सुरू झाला. मेस्सीनं तिसरा घातला, मी पुसणं थांबवलं. एम्बापेनं तिसरा घातला, मी पुन्हा पुसायला लागलो. सामना पेनल्टीत गेला. एम्बापेनं मारली. मेस्सी चेंडूकडे चालत निघाला.

लाइन गेली.

मोबाइल तीन टक्क्यांवर होता, कारण सामन्याआधी चार तास मी सामन्याचं विश्लेषण ऐकलं होतं. तीनचे शून्य झाले. अंधारात, ओल्या फरशीवर, मी देशोदेशींच्या देवांना साकडं घातलं. आणि बरोबर बाराच्या ठोक्याला चौकात फटाक्यांची माळ फुटली. जिंकलो! मी लुंगीवरच धावत रस्त्यावर गेलो, समोर दिसेल त्याला मिठी मारली. ‘अर्जेंटिना! अर्जेंटिना!’ तो माणूस माझी मिठी सोडवत म्हणाला, ‘नाही सर, भाऊंचा वाढदिवस.’ आणि त्यानं माझ्या तोंडात केक कोंबला.

अर्जेंटिना खरोखरच ४-२नं जिंकली होती, हे मला सकाळच्या पेपरात कळलं. म्हणजे आनंद माझाच होता, फटाके तेवढे दुसऱ्याचे.

यंदाच्या अठ्ठेचाळीस संघांत क्युरासाव नावाचा देश आहे. कॅरिबियन समुद्रातलं बेट, लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. विश्वचषकात पोचलेला आजवरचा सगळ्यात चिमुकला देश. पोट्ट्यानं ही माहिती ठेल्यावर आणली आणि भाऊसाहेबांच्या अंगात तलाठी संचारला. २०११च्या जनगणनेत आपला जिल्हा पावणेअठ्ठावीस लाखांच्या जवळ. म्हणजे सतरा-अठरा क्युरासाव एकट्या यवतमाळ जिल्ह्यात बसतात. सोळा तालुके, तालुक्याला एक क्युरासाव, वरून एक-दोन शिल्लक.

‘मंग आपण काऊन नाही?’ काकांनी टेबलावर हात मारला. टेबल नव्हतं, काच होती. ठेलेवाला पहिल्यांदाच ‘हाव ना’ न म्हणता ‘काका!’ म्हणाला.

भाऊसाहेबांनी इतिहास काढला. १९५०च्या ब्राझीलच्या विश्वचषकात भारताला जागा मिळाली होती, पण पायात बूट नव्हते म्हणून आपण गेलो नाही. मी दुरुस्ती केली, की बुटांची गोष्ट ही दंतकथा. तेव्हाच्या संघटनेला ऑलिंपिक मोठं वाटत होतं आणि विश्वचषक कुणाच्या खिजगणतीत नव्हता. ‘त्याच स्पर्धेत अमेरिकेनं इंग्लंडला १-० हरवलं होतं,’ असंही सांगितलं. कुणी ऐकलं नाही. दंतकथेत बूट आहेत. माझ्या दुरुस्तीत नुसती संघटना आहे.

तर त्याच रात्री यवतमाळचा संघ निवडायला घेतला. तासाभरात अध्यक्ष, कार्याध्यक्ष, तीन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, प्रसिद्धिप्रमुख, स्वागतसमिती आणि एक मार्गदर्शक मंडळ तयार झालं. एकूण एकोणीस. खेळाडू एक: ठेलेवाला, गोलकीपर. तो सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच चौकटीत उभा राहतो आणि कुणाला आत येऊ देत नाही, म्हणून एकमतानं. प्रशिक्षकाच्या जागेवर अडलं. पोट्टा म्हणाला, गेल्या वर्षी भारताच्या प्रशिक्षकपदासाठी चक्क गार्डिओला आणि शावी या जगप्रसिद्ध प्रशिक्षकांच्या नावानं अर्ज आले होते. महासंघाला मागाहून जाहीर करावं लागलं की ते ईमेल खरे नव्हते. ‘म्हणजे खोटा का होईना, अर्ज तर येतो,’ भाऊसाहेब म्हणाले. ‘आपल्याकडं तोही येऊन नाही राह्यला.’ तिकडे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमीचे सामने असले की अर्धं शहर दुकानं बंद करतं. नागपूरच्या विजय बारसे सरांनी पावसात फुटकी बादली लाथाडणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली आणि त्यांना चेंडू दिला. त्यावर अमिताभला घेऊन नागराज मंजुळेंनी ‘झुंड’ काढला. आमच्याकडे चेंडूवरून सिनेमा निघेल एवढा मजकूर आहे. चेंडू तेवढा नाही.

या सगळ्या काळात माझा आवडता विषय होता डायना रॉस. अमेरिकेनं याआधी १९९४ साली विश्वचषक भरवला, तेव्हा शिकागोच्या उद्घाटनात या विख्यात गायिकेनं गाता गाता एक पेनल्टी मारायची होती. काही पावलांवर गोल, समोर जवळपास रिकामी जाळी. तिनं मारली ती बाजूनं गेली. आणि तिच्या किकनं गोल दुभंगायचा असं ठरलेलं असल्यामुळे चेंडू लागला नसतानाही गोलपोस्टचे आपणहून दोन तुकडे झाले. मी हे ठेल्यावर इतक्यांदा सांगितलं, इतका हसलो. ‘एवढंसुद्धा जमू नये?’ हे माझं पालुपद होतं.

मग एका सकाळी सहाला मी गुलाबी टीशर्ट घालून पोस्टल ग्राउंडवर फिरायला गेलो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, धावायला नाही, हे मुद्दाम नोंदवतो. एका कोपऱ्यात दहा-बारा पोरंपोरी फुटबॉल खेळत होती. गोल म्हणजे दोन विटा. माझ्याकडे पाहून एक पोट्टं ओरडलं,

‘ओ मेस्सीकाका! गोलकीपर राह्यता का? आमचा एक शिकवणीले गेला.’

आयुष्यात जागतिक फुटबॉलवर जेवढं बोललो त्याचं हे बक्षीस आहे असं मला वाटलं. मी दोन विटांमध्ये उभा राहिलो. गुडघे वाकवले, हात पसरले, टीव्हीवर करतात तसं मागे-पुढे डुललो. पहिला चेंडू उजवीकडून गेला, दुसरा डावीकडून, तिसरा पायांमधून. चौथा थेट पोटावर आला आणि तो मात्र मी अडवला. निदान माझ्या पोटानं अडवला. मैदानावर टाळ्या झाल्या. आकाशात तारे दिसले, सकाळचे सहा वाजले असून.

त्यानंतर वाद झाला. एक गोल ऑफसाइड होता की नाही. ‘काका, तुम्ही सांगा!’ मी गेली तीन वर्षं व्हिडिओवर निकाल देणाऱ्या व्हीएआरवर रोज बोलतो. मिलिमीटरच्या रेघा कशा ओढतात, खांदा पुढे होता की टाच, यावर मी भाऊसाहेबांशी बोलणंसुद्धा दोन दिवस बंद ठेवलं होतं. आता समोर बारा चेहरे, आणि खरं सांगायचं तर मी त्या वेळी वीट सरळ करत होतो. ‘पेनल्टी,’ मी म्हणालो. ऑफसाइडला पेनल्टी देत नाहीत हे त्यातल्या सगळ्यात लहान पोरानंही मला सांगितलं. पण मोठ्या माणसानं दिली म्हणून त्यांनी ती मान्य केली, आणि मारायलाही मलाच लावली.

गोलात एक दहा-अकरा वर्षांची पोरगी उभी राहिली. अनवाणी, फ्रॉकचा घेर कमरेला खोचलेला, वेणी दातांत धरलेली. चेंडू ठेवला. मी सहा पावलं मागे गेलो. मेस्सी किती जातो ते आठवलं, दोन पावलं पुढे आलो. श्वास घेतला. धावलो. चालायला सांगितलंय, धावायला नाही.

बूट गोलात गेला. उजवा. पोरीच्या डोक्यावरून, दोन विटांच्या बरोबर मधोमध. चेंडू जागेवरच होता. मी चेंडूच्या पुढे, बसलेल्या अवस्थेत.

‘गोल!’ पोरं नाचली. ‘बूटगोल! मेस्सीकाकाचा बूटगोल!’ पोरीनं बूट आणून दिला आणि गंभीरपणे म्हणाली, ‘काका, लेस बांधत जा.’ डायना रॉसची मी मनोमन माफी मागितली. निदान तिचं पायताण तरी पायात राहिलं होतं.

पोरांनी मग पाणी प्यायला सुट्टी घेतली. यंदाच्या विश्वचषकात प्रत्येक अर्ध्यात तीन मिनिटांची पाण्याची सुट्टी आहे, हे मी त्यांना सांगणार होतो. पण ती नळावर गेली ती परतलीच नाहीत. नळाला पाणी होतं, म्हणून त्यातल्या चार जणी घरून घागरी आणायला पळाल्या.

घोटा सुजला. चार दिवस मी ठेल्यावर गेलो नाही. पाचव्या दिवशी लंगडत पोचलो तेव्हा बातमी माझ्या आधी पोचलेली होती. यवतमाळात बातमी बुटापेक्षा लांब जाते. कुणी हसलं नाही, तेच जास्त वाईट. पोट्टा म्हणाला, ‘सर, आमचा स्ट्रायकरही असाच दुखापतीनं बाहेर आहे.’ भाऊसाहेबांनी मला बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, ‘मंग? अमेरिकेचा संघ यंदा कुठपर्यंत जाईन?’ मी तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच मला काही सुचलं नाही. घोटा ठणकला. ‘पाहू,’ म्हणालो. ठेलेवाल्यानं घोटणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

काकांचं लक्ष मात्र टीशर्टाकडे होतं. मैदानावरच्या त्या बैठकीच्या भानगडीत तो पाठीमागून उसवला होता, मेस्सी एका बाजूला आणि दहा एका बाजूला.

‘सर, हा देता का मले?’

‘घालणार?’

‘मी? नाही बाप्पा. वावरात उन्हाळी भुईमूग हाय, रात्री रानडुकरं येऊन राह्यली. चारी बाजूनं जुन्या साड्या बांधल्या, पण त्यायले आता साड्यायची सवय झाली.’

गेल्या रविवारी त्यांनी बोलावलं म्हणून वावरात गेलो. बांधावर दोन आडव्या काठ्या, वर उलटं मडकं, आणि अंगात माझी जर्सी, पोटात कडबा भरलेला. हुबेहूब मी. वारा आला की दोन्ही हात पसरून डुलत होता, पेनल्टी अडवायला उभा असल्यासारखा. काका म्हणाले, चार रात्रींपासून एक डुक्कर आत आलं नाही. मी फोटो काढून भाच्याला पाठवला. लगेच उत्तर आलं, ‘मामा, जर्सी बरोबर बसली ना?’

‘एकदम,’ मी कळवलं. ‘एकही गोल झाला नाही.’